माध्यमव्यवसायासाठी मराठीचे अध्यापन : नमुना, वाचन आणि पुनर्लेखन

१. प्रश्नाचे स्वरूप

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यासक्रमांत ‘व्यावहारिक मराठी’, ‘उपयोजित मराठी’, ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ अशा नावांच्या अभ्यासपत्रिका स्थिरावल्या. साहित्याचा पदवीधर केवळ अध्यापनाच्या नोकरीवर अवलंबून राहू नये, वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात, चित्रपट या क्षेत्रांत त्याला प्रवेश मिळावा, ही या बदलामागील भूमिका होती. ती रास्तच होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणालाही श्रेयांक देण्यात आले आणि या प्रश्नाला नवी निकड आली. विद्यार्थ्याला एखाद्या वाहिनीत, प्रकाशनसंस्थेत किंवा वृत्तपत्रात पाठवायचे, तर तेथे त्याने नेमके काय घेऊन जायचे, याचे उत्तर आता मराठी विभागांनी दिले पाहिजे.

या विषयावर सामान्यतः दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. उपयोजित लेखनामुळे साहित्याचा अभ्यास पातळ होतो, विद्यापीठाने बाजारपेठेची चाकरी करू नये, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते संत, पंत आणि तंत यांचा अभ्यास आजच्या विद्यार्थ्याच्या पोटाला उपयोगी पडत नाही, म्हणून तो कमी करून त्याजागी कौशल्ये शिकवावीत. वरवर परस्परविरोधी असलेल्या या दोन्ही भूमिकांचे गृहीतक मात्र एकच आहे. साहित्याचे वाचन हे एक आणि माध्यमांतील काम हे दुसरे, ही फारकत दोघांनाही मान्य आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे. माध्यमांतील लेखनव्यवसायाला जे कौशल्य लागते ते मुळात सूक्ष्म वाचनाचे आणि पुनर्लेखनाचे कौशल्य होय, आणि म्हणून ते शिकविण्याचे योग्य स्थान साहित्याचा वर्ग हेच आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. घडण कोठे होत होती?

मराठीत शिक्षण आणि माध्यमे यांचा संबंध नवा नाही. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे अध्यापक होते. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही एकाच मंडळींची कामे होती. पुढे १९३६ च्या ‘छाया’साठी वि. स. खांडेकरांनी आणि १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’साठी आचार्य अत्र्यांनी लेखन केले. हे दोघेही शाळेत शिकविलेले लेखक होते.

तथापि या परंपरेचा अभिमान बाळगताना एक अडचणीची वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही. मराठी चित्रपटकथा आणि गीत यांना ज्यांनी रूप दिले ते ग. दि. माडगूळकर, किंवा १९७६ च्या ‘मंथन’साठी सर्वोत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारे विजय तेंडुलकर, यांपैकी कोणीही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. मग विभागांनी असे लेखक घडविण्याचा दावा कोणत्या आधारावर करावा?

या प्रश्नाचे उत्तर त्यांची घडण कोठे झाली ते पाहिल्यास मिळते. माडगूळकर मास्टर विनायकांच्या ‘हंस पिक्चर्स’च्या वातावरणात वावरले. तेंडुलकर वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत वाढले. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घकाळ काम केले. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती. लिहिलेला मजकूर कोणीतरी जाणता माणूस वाचत असे, त्यावर खूण करीत असे आणि तो पुन्हा लिहावा लागत असे. ‘सत्यकथे’च्या संपादनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी जोपासलेली शिस्त हीच होती. कथा स्वीकारणे किंवा नाकारणे एवढ्यावर हे संपादन थांबत नसे. तिच्यात काय साधले आणि काय निसटले हे लेखकाला कळविले जाई.

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. चित्रपटसंस्थांची पगारी लेखकवर्गाची पद्धत त्याआधीच मोडली होती. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ सुरू झाल्यावर लेखकांची मागणी एकाएकी वाढली. परंतु दैनंदिन मालिकेच्या वेगात नवख्याचा मजकूर शांतपणे वाचून परत देण्यास कोणालाही वेळ उरला नाही. उमेदवारीची जुनी घरे अशी विरळ झाली. मागणी वाढलेली आणि घडणीची जागा नाहीशी झालेली, हा आजचा पेच आहे. मराठी विभागाने जे काम अंगावर घ्यावयाचे ते हेच. आजच्या परिस्थितीत वाचून परत देणारा जाणता माणूस अध्यापकच होऊ शकतो.

३. नमुन्याची मर्यादा

उपयोजित मराठीच्या अध्यापनात सध्या भर असतो तो नमुन्यांवर. जाहिरातीची वैशिष्ट्ये, वृत्तलेखनाची तत्त्वे, श्रुतिकेचे घटक, मुलाखतीचे प्रकार अशी टाचणे दिली जातात आणि परीक्षेत ‘श्रुतिकालेखनाचे स्वरूप स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो. विद्यार्थी स्वरूप स्पष्ट करतो, गुण मिळवतो आणि एकही श्रुतिका न लिहिता उत्तीर्ण होतो. पोहण्याचे नियम पाठ करून घेऊन पाण्यापासून दूर ठेवण्यासारखा हा प्रकार आहे.

नमुन्याची उपयुक्तता अगदीच नाही असे नव्हे. परंतु नमुना हा मजकुराचा सांगाडा असतो. कोणत्या शब्दाने ऐकणारा थांबेल, कोणत्या वाक्याने तो उठून जाईल, हे नमुना सांगत नाही. शिवाय आता यंत्राधारित भाषांतराची आणि मजकूरनिर्मितीची साधने उपलब्ध झाली आहेत. ठरावीक साच्यातील मजकूर ती क्षणात पुरवितात. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला आपण केवळ साचा शिकवितो त्याला नेमके तेच काम शिकवितो, ज्यासाठी माणसाची गरज सर्वांत आधी कमी होणार आहे. यंत्राने दिलेल्या मजकुरात काय खोटे वाजते हे ओळखणारा वाचक मात्र लागतच राहील. असा वाचक तयार होण्यास काव्य, कथा आणि नाटक यांच्या अभ्यासाखेरीज दुसरा मार्ग नाही.

४. श्राव्य माध्यम : निवेदकाचा प्रश्न

हे प्रतिपादन उदाहरणांनी तपासून पाहता येईल. प्रथम आकाशवाणी. छापील पानावरील वाचक मागे वळून पाहू शकतो. श्रोत्याला ती सोय नसते. म्हणून नभोनाट्यात कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोठे बोलतो हे प्रत्येक प्रसंगाच्या आरंभीच कानाला कळावे लागते. पात्र प्रवेश करते ते त्याचे नाव कोणीतरी उच्चारते म्हणून, किंवा त्याच्या पावलांचा, दाराच्या कडीचा आवाज येतो म्हणून. गप्प बसलेले पात्र नभोनाट्यात अस्तित्वातच नसते.

या दृष्टीने ‘गीतरामायणा’चा अभ्यास वर्गात व्हावयास हवा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेल्या या ५६ गीतांच्या मालिकेकडे सहसा भक्तिकाव्य म्हणून किंवा सुधीर फडके यांच्या संगीताच्या अंगाने पाहिले जाते. माध्यमलेखनाच्या अंगाने पाहिल्यास तिची रचना विलक्षण उद्बोधक ठरते. कुश आणि लव प्रत्यक्ष रामासमोर रामकथा गात आहेत या चौकटीने ती सुरू होते, आणि पुढे बहुतेक गीते निरनिराळ्या पात्रांच्या तोंडी येतात. आठवड्यातून एकदा ऐकणाऱ्या श्रोत्याला मागील प्रसंग आठवत नसला तरी चालू गीतातील वक्ता आणि प्रसंग कळला पाहिजे, ही अट या रचनेने पाळली आहे. विद्यार्थ्यांना पाच गीते देऊन, प्रत्येकातील वक्ता, श्रोता आणि स्थळ कोणत्या ओळीत आणि कोणत्या शब्दाने स्पष्ट होते ते शोधण्यास सांगावे. हा एकाच वेळी निवेदनमीमांसेचा आणि श्राव्यलेखनाचा पाठ होतो. निवेदकाच्या प्रश्नाची चर्चा ज्या वर्गात कथनशास्त्राच्या परिभाषेत चालते, त्याच वर्गाला हा पाठ देता येतो. त्यासाठी नवा विभाग उघडावा लागत नाही.

५. माध्यमांतर : काय सोडावे, काय धरावे

दुसरे उदाहरण साहित्यकृतीच्या माध्यमांतराचे. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक. त्यावरील आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्याच पुस्तकावर सुजय डहाके यांचा चित्रपट २०२३ मध्ये आला. एकाच संहितेची सत्तर वर्षांच्या अंतराने झालेली ही दोन रूपे अभ्यासकाला सहज उपलब्ध आहेत.

मूळ पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे. प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे येथे दोन काळ आहेत : घडण्याचा आणि सांगण्याचा. पुस्तकाचा परिणाम या दुसऱ्या काळावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. कारण वाचकाला केवळ आई भेटत नाही, तिला गमावलेला आणि तिच्याविषयी बोलणारा मुलगाही भेटतो. पटकथेत मात्र जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच लिहिता येते. मग सांगणारा श्याम ठेवावयाचा की वगळावयाचा? ठेवला तर त्याच्या स्वराने दृश्याची सद्यता उणावते काय? वगळला तर वियोगाची छाया कोठून आणावयाची? बेचाळीस सुट्या आठवणींना एका वाढत्या कथानकाचा आकार कसा द्यावयाचा? हे प्रश्न पटकथाकाराचे आहेत आणि समीक्षकाचेही. फरक इतकाच की, समीक्षक उत्तराचे परीक्षण करतो, तर पटकथाकाराला उत्तर द्यावे लागते.

‘सिंहासन’ या १९७९ च्या चित्रपटात प्रश्न याच्या उलट होता. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून तेंडुलकरांनी एक पटकथा सिद्ध केली. मंत्रालय, कामगार चळवळ आणि महानगराचे अधोविश्व यांना एकत्र बांधण्यासाठी सर्वत्र प्रवेश असलेले पात्र हवे होते. दिगू टिपणीस हा पत्रकार ती गरज भागवितो. प्रेक्षक त्याच्या पाठोपाठ एका स्तरातून दुसऱ्या स्तरात जातो. दोन्ही कादंबऱ्या वाचून, ‘या पटकथेत कोणती पात्रे गळली आणि त्यांचे कार्य कोणाकडे गेले’ असा तक्ता विद्यार्थ्याने करावा. दहा पानी समीक्षेपेक्षा असा तक्ता पुष्कळदा अधिक काही शिकवून जातो. अमोल पालेकर यांच्या १९९५ च्या ‘बनगरवाडी’ची पटकथा स्वतः व्यंकटेश माडगूळकरांनीच लिहिली, त्यामुळे लेखक आपल्याच प्रथमपुरुषी निवेदनाचे काय करतो हे पाहण्याचीही सोय आहे.

६. एका शब्दाचे वजन : उपशीर्षक, संवाद, मुद्रितशोधन

माध्यमांत प्रत्यक्ष उपलब्ध असलेली पुष्कळ कामे मात्र पटकथेइतकी झगझगीत नाहीत. परभाषेतील चित्रपट आणि मालिका यांचे मराठी संवाद लिहिणे, मराठी चित्रपटांना उपशीर्षके देणे, वृत्तवाहिनीवरील पट्टी तपासणे, पुस्तकांचे मुद्रितशोधन करणे या कामांतून बहुसंख्य विद्यार्थ्यांचा प्रवेश होतो. तेथे लागणारे ज्ञान तर थेट भाषाविज्ञानाच्या वर्गातले आहे.

संवादांचे पुनर्ध्वनिमुद्रण करताना पात्राचे ओठ मिटलेले दिसतात तेथे प, फ, ब, भ, म यांपैकी ध्वनी आला तर संवाद तोंडात बसतो. ओष्ठ्य वर्णांची जी यादी विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतो तिचा हा रोकडा उपयोग आहे. इंग्रजीत समोरच्या माणसासाठी एकच सर्वनाम चालते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. अनेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात. देवालाही ‘तू’ आणि गड्यालाही ‘तू’. परभाषेतील दोन पात्रे कोणत्या दृश्यात ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतील हे शब्दकोश सांगत नाही. ते संबंधांच्या वाचनातूनच ठरते. उलट दिशेने जाताना पत्नीच्या तोंडचे ‘अहो’ इंग्रजी उपशीर्षकात कसे न्यावयाचे हा प्रश्न असतो, आणि पडद्यावर एका वेळी सहसा दोनच ओळी मावतात.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ या संदर्भात वर्गात दाखविण्याजोगा आहे. त्यात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या भाषा येतात. न्यायालयातील भाषा आणि आरोपी लोकशाहीराची भाषा यांतील अंतर हा त्याच्या आशयाचाच भाग आहे. उपशीर्षकांवर अवलंबून असलेल्या परक्या प्रेक्षकाला सर्व मजकूर एकाच भाषेत वाचावा लागतो. भाषा बदलली हे त्याला कळेलच असे नाही. तो बदल कसा सुचवावा, यावर विद्यार्थ्यांनी पर्याय मांडावेत. येथे खानदेशी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा विद्यार्थी प्रमाणभाषेतच वाढलेल्या विद्यार्थ्यापेक्षा पुढे असतो. एका भाषेतून दुसरीत जाण्याचा सराव त्याला घर आणि शाळा यांच्यामधील रस्त्यावरच झालेला असतो. बोलीला उणीव समजण्याची वृत्ती वर्गातून जाण्यास एवढे एक कारण पुरे आहे.

मुद्रितशोधनाची गोष्टही अशीच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम विद्यार्थ्याने जाणले पाहिजेतच. परंतु ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ या जोड्यांतील दोन्ही रूपे शुद्ध आहेत. त्यांतील योग्य रूप नियमाने ठरत नाही. वाक्याच्या अर्थाने ठरते. मुद्रितशोधकाला अर्थ वाचावाच लागतो.

७. हक्काचे ज्ञान

विद्यार्थ्याला माध्यमांत पाठविताना त्याच्या हाती लेखणी देणे पुरेसे नाही. कराराचा कागद वाचण्याची दृष्टीही दिली पाहिजे. या क्षेत्रातील बरेचसे काम नोकरीचे नसून कंत्राटी किंवा प्रत्येक भागाच्या मोबदल्यावर चालणारे असते. नोकरीची हमी देणारी भाषा विभागांनी प्रवेशपत्रकांत वापरू नये. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या आणि तालुक्याच्या गावाहून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याला ती भाषा महागात पडते.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ यातील काही तरतुदी म्हणूनच अभ्यासक्रमात असाव्यात. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य वापरातील मानधनाचा वाटा राखून दिला आहे. कल्पनेला संरक्षण नसते, तिच्या अभिव्यक्तीला असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्यातील साम्याचा हा वाद होता. विषय आणि अभिव्यक्ती यांतील भेद शिकविण्यास त्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे लेखन त्यामुळे २०११ पासून मुक्त आहे. हयात लेखकाच्या कथेवर काम करावयाचे तर परवानगी लागते. वाङ्मयचौर्य टाळावे हे विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीत शिकविले जातेच. आपल्या लेखनाची चोरी कशी ओळखावी हेही त्याला कळावे.

८. वर्गाची पुनर्रचना

वरील विवेचनातून निघणारी योजना खर्चिक नाही. एका सत्रासाठी एकच लघुकथा घ्यावी. पहिल्या टप्प्यात तिचे निवेदन, कालक्रम आणि भाषास्तर यांचे बारकाईने वाचन व्हावे. दुसऱ्यात तिची दहा मिनिटांची श्रुतिका लिहावी. ती वर्गात पाठ करून उभे राहून, घड्याळ लावून वाचावी आणि वाचताना जेथे अडखळायला होते तेथे खूण करावी. तिसऱ्यात तिचे तीन दृश्यांत रूपांतर करावे; त्यात ‘त्याला वाटले’, ‘तिला आठवले’ असे एकही वाक्य असू नये. चौथ्यात यांपैकी एका मसुद्याचे, अध्यापकाच्या आणि सहाध्यायांच्या टिपणांनंतर, पुनर्लेखन व्हावे. मूल्यमापन अंतिम मजकुराचे जेवढे, तेवढेच दोन मसुद्यांमधील अंतराचेही व्हावे. काय बदलले आणि का बदलले, याचे दोन पानी टिपण विद्यार्थ्याने सोबत जोडावे. हे मसुदे एकत्र ठेवल्यास त्यांची जी कार्यसंचिका तयार होते ती प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलते. संपादक किंवा निर्माता मागतो तोही कामाचा दाखलाच असतो.

या योजनेवर दोन आक्षेप संभवतात. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात एवढे मसुदे तपासणार कोण, हा पहिला. हा आक्षेप खराच आहे. त्यावर अंशतः उपाय असा की, विद्यार्थ्यांनी परस्परांचे मसुदे तपासावेत आणि अध्यापकाने त्या तपासणीची तपासणी करावी. दुसऱ्याच्या मजकुरावर नेमकी खूण करता येणे हेच संपादनाचे शिक्षण असल्यामुळे ही तडजोड तोट्याची ठरत नाही. दुसरा आक्षेप साधनांच्या अभावाचा. परंतु येथे लागणारी साधने म्हणजे संहिता, वर्ग आणि माणसाचा आवाज एवढीच आहेत. ध्वनिमुद्रणाची आणि संकलनाची यंत्रे विद्यार्थी प्रत्यक्ष कामावर अल्पावधीत शिकतो. वाक्य ऐकण्याचा कान मात्र तेथे कोणी शिकवीत नाही.

९. समारोप

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेच्या प्राचीनतेचा हा गौरव यथार्थ आहे. तथापि भाषेचे वर्तमान तिच्या बातमीत, तिच्या मालिकेत, तिच्या जाहिरातफलकावर आणि पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या दोन ओळींत घडत असते. हे वर्तमान कोणाच्या हाती असावे, हा मराठी विभागांपुढील प्रश्न आहे. साहित्याचा अभ्यास बाजूस सारून तो सुटणार नाही. साहित्याचा अभ्यास माध्यमांपासून सोवळ्यात ठेवूनही सुटणार नाही. नमुन्याकडून वाचनाकडे आणि वाचनाकडून पुनर्लेखनाकडे अध्यापन वळले, तर ज्ञानेश्वरीतील दृष्टान्ताचे आणि वृत्तपट्टीतील क्रियापदाचे वजन एकाच काट्यावर करणारा पदवीधर विभागातून बाहेर पडेल. त्याला काम मिळेलच अशी हमी कोणी देऊ नये. मिळालेले काम तो नीट करील आणि त्याचा योग्य मोबदला मागू शकेल, एवढी सिद्धता मात्र विभागाने त्याला दिली पाहिजे.